टॅकोमा, अडीच इंच आणि एक पाट

टोयोटाच्या टॅकोमा पिकअपच्या टीआरडी स्पोर्ट या आवृत्तीला बॉनेटवर हवा ओढायचं म्हणून जे रुबाबदार नाक असतं, त्यातून हवा जात नाही. आधीच सांगून टाकतो, कारण अमेरिकेत जुनी पिकअप शोधायला बसलं की माझ्यासारख्यांचा जीव नेमका त्या नाकात अडकतो.

२०१६ ते २०२३ च्या टॅकोमात एसआरपासून टीआरडी प्रोपर्यंत सहा ट्रिम, म्हणजे आवृत्त्या. मधलं टीआरडी ऑफ-रोड दिसायला साधं, पण त्याच्या मागच्या डिफरन्शियलला (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गियरपेटीला) लॉकर असतो. एक चाक चिखलात गरागरा फिरत असलं तरी दुसऱ्याला कामाला लावतो (तेही फोर-लोमध्येच, म्हणजे चारही चाकं सगळ्यात हळू गियरवर चालवताना; इतरत्र साहेब रजेवर). उंची नंतर विकत मिळते. लॉकर नंतर घालायचा तर मागचा अॅक्सल उघडून दातेरी चाकांची जुळणी पुन्हा करावी लागते. प्रो कंपनीतूनच पुढे इंच-दीड इंच उंच येते; त्या इंचाचा भाव विचारताना खुर्ची धरून बसावं.

आता उंची. गाडी उचलायच्या ‘अडीच इंची’ किटचा खोका उघडला की आत जेमतेम सव्वा इंच जाडीची चकती निघते आणि आपण दुकानदाराचा उद्धार करतो. तो निर्दोष असतो. स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बरची जोडी) चाक धरणाऱ्या खालच्या आर्मला मधेच कुठेतरी जोडलेला असल्यामुळे वर घातलेला एक इंच चाकापाशी साधारण दोन होतो. हे न कळून खरोखर अडीच इंच जाडीची चकती घालणाऱ्याचे बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचे फिरते सांधे) काय म्हणत असतील, ते इथे छापता येणार नाही.

आणि अडीच इंच कधी एकटे येत नाहीत, वऱ्हाड घेऊन येतात. कॅस्टर, म्हणजे गाडी सरळ ठेवणारा पुढच्या चाकांचा कल, कमी होतो, स्टीअरिंग भरकटतं, म्हणून अलाइनमेंट. ते जुळेना, म्हणून नवे वरचे आर्म. पुढच्या अॅक्सलचा कोन वाढून रबरी बूट घासतात, फाटतात आणि ग्रीस चाकाच्या आत रांगोळी घालतं. मागे स्प्रिंगचा जादा पाटा घातला की तो आवळायला यू-बोल्ट नवेच लागतात. मग सिग्नलला गाडी निघताना अंगात आल्यासारखी थरथरते: मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दोन तुकड्यांच्या शाफ्टमधलं बेअरिंग थोडं खाली घ्या. हेडलाइट खाली वळवा, नाहीतर समोरचे लोक आपल्या उंचीचं कौतुक हॉर्न वाजवून करतात.

एवढं करून मागचं डिफरन्शियल जमिनीपासून किती उचललं? शून्य. ते फक्त टायरने वर जातं. २६५/७०आर१६ मापाचे टायर काढून २८५/७५आर१६ घातले तर सव्वादोन इंच व्यास वाढतो, म्हणजे डिफरन्शियल सव्वा इंचाहून कमीच उठतं. बदल्यात काटा ताशी साठ मैल दाखवतो तेव्हा आपण चौसष्टने पळत असतो, आणि पूर्ण वळवलेलं चाक केबिन सांगाड्याला जोडणाऱ्या माउंटला घासतं. तिथे लोखंड कापून वेल्डिंग करावं लागतं.

राहता राहिल्या सासूबाई. पायरी आता साडेतीन इंच वर गेलेली, अंगावर नऊवारी, आणि गाडी देवळात निघालेली. बाजूला खाली लोंबणारी पायरी लावली तर कमावलेली उंची दगडावर आपटणार. त्यामुळे मागच्या हौद्यात, अडकलेली गाडी ओढायच्या पट्ट्यांशेजारी, एक पाट कायम असावा. पितळी फुल्यांचा नको, निसरडा असतो.