कव्हर म्हणजे नक्कल नव्हे

नाशिकमध्ये गिटार-ड्रम वाजवणाऱ्या पोरांच्या फोनवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: खरा बँड स्वतःचीच गाणी वाजवतो, कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपण वाजवणं, ही नक्कल. रिंगो स्टार तर बीटल्स या ब्रिटिश बँडमधलासुद्धा सर्वांत चांगला ड्रमर नव्हता, असं खुद्द त्याच बँडमधला गायक जॉन लेनन म्हणाला. आणि जुनं रॉक म्हणजे चार कॉर्ड (एकत्र छेडायचे सूर), दोन दिवसांत बसतं. पाठवणारे माझेच मित्र आहेत, म्हणून जास्त लागलं.

आधी लेनन. तो हे बोललाच नाही. तो गेला डिसेंबर १९८० मध्ये आणि हा विनोद त्यानंतर ब्रिटिश विनोदी कार्यक्रमांतून पसरला. उलट १९८० च्याच एका मुलाखतीत लेननने रिंगोच्या ड्रमिंगची तारीफ केली होती. रिंगो मूळचा डावखुरा, पण ड्रमसेट उजव्यांसारखा मांडलेला. त्यामुळे टॉमवरून (सेटमधल्या लहान-मोठ्या ड्रमांवरून) फिरताना त्याचा हात उलट्या बाजूने निघतो. 'कम टुगेदर'च्या सुरुवातीचा तुकडा एकदा हुबेहूब काढून बघा, मग बोलू. मिरवणुकीत ताशा तडतडत असतो तेव्हा खाली ठेका धरून ठेवणाऱ्या ढोलाची किंमत नाशिककराला तरी वेगळी सांगावी लागू नये.

स्वतःचीच गाणी? बीटल्सचा पहिला अल्बम 'प्लीज प्लीज मी', १९६३. त्यातल्या १४ गाण्यांपैकी ६ दुसऱ्यांची. रोलिंग स्टोन्सचं पहिलं सिंगलही दुसऱ्याचं, अमेरिकन गायक चक बेरीचं. हे 'खरे बँड' नसतील तर कोण?

आता नक्कल. 'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स' हे गाणं १९६७ मध्ये रिंगो गातो ते सरळ चार-चार मात्रांत, गप्पा मारल्यासारखं. पुढच्याच वर्षी जो कॉकर या गायकाने ते सहाच्या चालीत नेलं. आपल्या भाषेत, कहरव्यातून दादऱ्यात. शब्द तेच, पण गाणं ओरडून मदत मागायला लागलं. बॉब डिलनचं 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' घ्या. साधी गिटार, हार्मोनिका, मागे बेस नि ड्रम. १९६८ मध्ये जिमी हेंड्रिक्सने ते असं वाजवलं की पुढे मैफलीत डिलन स्वतःच त्याच्या वळणाने वाजवू लागला. मूळ गाणाऱ्याला आपलं गाणं पुन्हा सापडलं! विष्णु दिगंबर पलुस्करांनी ज्या नाशकात आश्रम काढून गाणं शिकवलं, तिथे एक बंदिश दहा गळ्यांतून दहा प्रकारे ऐकत आपण मोठे झालो. तिला कुणी नक्कल म्हटलं नाही.

चोरी मात्र वेगळी, आणि ती मी झाकणार नाही. लेड झेपेलिन हा बँड माझा जीव की प्राण. पण 'होल लोटा लव्ह'मधले शब्द विली डिक्सन या ब्लूज गीतकाराच्या गाण्यावरून आले आणि त्याचं नाव दिलं नव्हतं. १९८५ मध्ये तो कोर्टात गेला, १९८७ मध्ये तडजोड झाली. कव्हर वाजवणारा मूळ नाव घेऊन वाजवतो. फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

राहिल्या चार कॉर्ड. झेपेलिनचंच 'काश्मीर' (१९७५) आमचा बँड गेले तीन महिने बसवतोय. गिटारचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, तीन-तीनमध्ये फिरतो, त्यांचा ड्रमर जॉन बॉनमचा ठेका चारमध्ये. दोघे भेटतात बारा मात्रांनी, तेव्हा सम. शिवाय गिटारच्या तारा वेगळ्या सुरांना लावाव्या लागतात, नेहमीचे कॉर्ड तिथे चालतच नाहीत. आमचा ड्रमर लहानपणापासून तबला शिकलेला, तरी पहिला महिनाभर तो रिफच्या मागे ओढला जायचा. मेसेज पाठवणाऱ्या मित्रांनो, रविवारी सरावाला या. हातावर मात्रा मोजत बसा आणि तेरावीला आम्ही सगळे एकत्र पडतो का ते बघा.