कुणबी सापडला. कुणबीण?

गेल्या हिवाळ्यात एकाच आठवड्यात दोन माणसं जुन्या कागदांत आपले पूर्वज शोधताना मी पाहिली. एक इथं नेदरलँड्समधल्या हेगमध्ये, माझी शेजारीण. दुसरा नगर जिल्ह्यात, माझा चुलतभाऊ. शेजारीण आईची आई शोधत होती आणि भाऊ बापाचा बाप. तेव्हापासून हा फरक काही केल्या डोक्यातून जात नाही.

शेजारीण मूळची सुरिनामची, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या एकेकाळच्या डच वसाहतीतली. साठी उलटलेली, आयुष्यभर नर्सची नोकरी केलेली. जेवणं झाल्यावर तिनं लॅपटॉप उघडला आणि मला शेजारी बसवलं. सुरिनाममधल्या गुलामांच्या १८३० ते १८६३ या काळातल्या नोंदवह्या आता कुणालाही घरबसल्या पाहता येतात. पानावर शाईनं आखलेले रकाने: नाव, लिंग, जन्मसाल, आईचं नाव, आणि शेवटी शेरा. नाव एका शब्दाचं, कारण गुलामाला आडनाव नसे. शेऱ्यात ‘मृत’, ‘विकली’ किंवा नव्या मालकाच्या पानाचा आकडा. तिनं पणजीच्या आईच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “बापाचा रकाना शोधू नकोस, नाहीच तो.” मूल कुणाचं, हा तिथं मालकीचा प्रश्न होता, आणि मालकी आईवरून ठरे. वासरू गाईच्या मागं जातं, तसं.

१ जुलै १८६३ रोजी गुलामगिरी संपली तेव्हा आणखी एक वही झाली. तीत सुटलेल्या माणसांना आडनावं दिली. मालकाचं आडनाव जसंच्या तसं द्यायचं नाही म्हणून कित्येकदा ते उलटंपालटं केलं: विल्केन्सचं केन्सविल, दे व्रीसचं व्रीस्दे. शेजारणीचंही आडनाव त्याच जातीतलं. “सही करताना मालकाचं नाव आरशात बघते मी,” ती म्हणाली आणि कॉफी ओतायला उठली.

या वह्या इतक्या नेटक्या का, हेही सांगायला हवं. कळवळा त्यात कुठंच नाही. मालकांना सरकारकडून माणशी ३०० गुल्डन भरपाई मिळाली. पैसे मोजून घ्यायचे असले की अक्षर सुवाच्य येतं. सुटलेल्यांना मिळाली ती सरकारी देखरेखीखालची दहा वर्षांची सक्तीची मजुरी.

आता भावाकडे येते. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि गावोगाव कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तो सगळ्यांना ठाऊक आहे. कोतवाल बुकं, शाळेचे निर्गम उतारे, तहसिलातली धूळ खात पडलेली दफ्तरं. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. ‘कुणबी’ या एका शब्दावर ओबीसी दाखला आणि त्यावर मुलीच्या प्रवेशाचं आणि फीचं गणित ठरणार असेल तर बाप तो शब्द शोधणारच. इथं बसून त्याला नाकं मुरडणारे मराठी लोक मी पाहिलेत. त्यांच्या मुलांची शिक्षणं इथल्या सरकारी पैशांवर चालली आहेत.

भावानं वंशावळीचा फोटो पाठवला. सहा पिढ्या, काटकोनात आखलेल्या रेघा, प्रत्येक चौकटीत एक पुरुष. एकही बाई नाही. शेजारणीच्या वहीत बाप नव्हता आणि आमच्या कागदावर आई नव्हती.

आणि मग मला तो दुसरा शब्द आठवला. कुणबीण. आज कुणाला विचाराल तर कुणब्याची बायको असं सांगेल. पेशवाईतल्या कागदांत मात्र कुणबीण म्हणजे विकत घेतलेली, बक्षीस दिलेली, नाहीतर बदकर्माचा ठपका ठेवून सरकारात जमा केलेली बाई. तिला किल्ल्यावर, कोठीत, पागेत कामाला लावत. बटीक हा तिचाच दुसरा शब्द. ‘सत्तेची बटीक’ असं अग्रलेखात रोज वाचतो आपण, आणि ती बटीक कोण होती हे विचारत नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. या बायकांच्या किमती, नेमणुका, पळून जाणं, परत धरून आणणं हे सगळं अशा कागदांत आहे. अभ्यासकांनी त्यावर लिहिलंय. घराघरांत मात्र त्याची वाच्यता नाही.

मी हे आमच्या घरच्या ग्रुपवर लिहिलं. दिवसभर शांतता. रात्री काकांचा निरोप आला: “तिकडे राहून इथली धुणी धुऊ नकोस.” पाठोपाठ त्यांनी दर शिवजयंतीला येणारा तो मजकूर पुन्हा टाकला. १६७७ साली, कर्नाटकच्या स्वारीत शिवाजी महाराजांनी डचांना दिलेल्या कौलात, म्हणजे व्यापाराच्या लेखी परवान्यात, माणसं विकत घेऊन नेण्याला मनाई केली होती.

मजकूर खरा आहे, आणि मलाही त्याचा अभिमान आहे. डच कंपनी दुष्काळाच्या वर्षांत कोरोमंडल किनाऱ्यावर माणसं विकत घेऊन बाटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, नेत असे. केप टाउनच्या जुन्या नोंदींत ‘बंगालची’, ‘मलबारचा’ अशी ओळख लावलेले गुलाम भेटतात ते याच व्यापारातले. तो धंदा आपल्या मुलखात चालणार नाही असं बजावणारा राजा आपल्याकडे होता. पण काका, त्यानंतर शंभर वर्षांनी त्याच राज्याच्या दफ्तरात कुणबिणीची किंमत लिहिली जात होती, तो कागदही आपलाच ना? कौल तेवढा आपला, आणि रुमाल कुणाचे?

इथलेही काही संत नाहीत. सरकारची माफी आली ती १९ डिसेंबर २०२२ रोजी, आमच्या घरापासून ट्रामनं जाता येईल अशा राष्ट्रीय अभिलेखागारात तेव्हाचे पंतप्रधान रुटे यांच्या तोंडून. राजानं पुढच्या जुलैत मागितली. त्याच्या किती आधी सुरिनामच्या वह्या लोकांच्या वर्गणीतून आणि स्वयंसेवकांच्या बोटांतून खुल्या झाल्या होत्या. शेजारीण त्यांतलीच एक. “माफी त्यांची, टायपिंग आमचं,” असं म्हणते ती.

आपल्याकडे तशी वहीच नाही, हेही खरं. ब्रिटिशांचा १८३३ चा गुलामगिरीबंदीचा कायदा त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखाला लागूच नव्हता. १८४३ च्या कायद्यानं कोर्टांनी गुलामावरचा हक्क मानणं थांबवलं, एवढंच. भरपाई नाही, म्हणून मोजदाद नाही. कुणबिणी हिशेबाच्या ओळींत विखुरल्या आणि तिथंच राहिल्या. त्याहून मोठी अडचण अशी, की शेजारणीला ती ओळ सापडली तेव्हा “ही माझी” म्हणणारं कुणी होतं. कुणबिणीची नात म्हणून पुढं कोण येणार? तिचा दाखला कुणाला हवाय?

परवा भावाचा फोन आला. आमच्या वाड्यातला, आजोबांनी फडताळात ठेवलेला रुमाल त्यानं मोडीवाल्याकडे नेला होता. कुणबी नोंद काही निघाली नाही. “पण ताई, तुझा तो शब्द होता. जुन्या वाटणीच्या कागदात. बैल, म्हैस, तांब्याची भांडी, आणि कुणबीण एक.”

“नाव?”

“विचारलं नाही. तो पानाप्रमाणे पैसे घेतो, हे पान कामाचं नाही म्हणून पुढं गेला.”

त्या पानाचे पैसे मी पाठवते, परत जा म्हणाले.