अहो, शिळे ब्रेड!

काल संध्याकाळी ठाण्यात जांभळी नाक्यावर झेंडूचा भाव करत होतो. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी तिथे उचललेला पाय परत जमिनीला लागेलच याची हमी नसते. तेवढ्यात कोपिनेश्वर मंदिराच्या बाजूने खणखणीत हाक आली, "अहो, शिळे ब्रेड! ओ शिळे ब्रेड!"

मी वळून पाहिलं. हाक मारणाऱ्याचा राग आहेच, पण त्याहून जास्त राग स्वतःचा आहे. एवढ्या गर्दीत वळलो तो मी एकटाच.

"ओळखलंत ना?" काका पलीकडून ओरडले. "आज काय, शिळी फुलं घेताय का?"

फुलवाला हसला आणि त्याने पाव किलोमागे दहा रुपये वाढवले. गिऱ्हाईक आता फार वेळ थांबणार नाही, हे त्याने बरोबर ताडलं होतं. पंचवीस वर्षं ठाण्यात राहतोय, घराचे हप्ते फेडले, सोसायटीचा दोनदा सेक्रेटरी झालो, आणि गावाने माझी ओळख ठेवली ती ही.

झालं असं की मुख्य दिवाळी ताईची सासरी असते, म्हणून ती, भाऊजी आणि भाची आधीच पुण्याहून एक दिवस राहायला आली. भाचीचं म्हणणं, "मामा, सकाळी पोहे नको ना, काहीतरी फेस्टिव कर." पोहे फेस्टिव नाहीत हे मला त्या दिवशी कळलं. मी जोशात मसाल्याचा बेक्ड फ्रेंच टोस्ट जाहीर केला. ब्रेडच्या जाड स्लाइस ट्रेमध्ये एकावर एक कलत्या रचायच्या, आठ अंडी, अर्धा लिटर दूध, साखर, दालचिनी, वेलची आणि जायफळ फेटून वर ओतायचं, रात्रभर फ्रीजमध्ये मुरू द्यायचं आणि सकाळी १८० अंशांवर पाऊण तास भाजायचं. एकच अट, ब्रेड शिळा हवा. ताजा ब्रेड दुधात विरघळून लापशी होतो. शिळा दूध पितो आणि तरीही आब राखून असतो, काही निवृत्त माणसांसारखा.

म्हणून मी दोन दिवस आधी ब्रेड आणून ओट्यावर उघडा ठेवला. आईने तो दोनदा डब्यात भरला. मी दोनदा बाहेर काढला. तिसऱ्यांदा तिने विचारलं, "मुंग्यांना आमंत्रण दिलंयस का?"

सकाळी सात वाजता ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, लावला. दिवा लागला, टायमर टिकटिकला, पण रॉड काही लाल होईनात. लग्नात आहेर आलेला ओटीजी. इतकी वर्षं आम्ही त्यात फक्त तवे ठेवत आलो, त्यामुळे तो कधी गेला हे कोणालाच सांगता येईना. स्लाइस रात्रीत एकमेकींना चिकटून त्यांची एकसंध गादी झाली होती, म्हणजे तव्यावरही जमण्यासारखं नव्हतं. आई म्हणाली, "इडलीपात्रात वाफव." आणि मी तिच्याकडे पाहिल्यावर, "नाहीतर बेकरीत ने. आपण नानकटाई नाही का न्यायचो?"

आता वाटतं, वाफवलं असतं तरी चाललं असतं.

रिक्षात बसलो. मांडीवर काचेचा भलामोठा ट्रे, वर फॉइल. पाचपाखाडीतून निघून तीन हात नाक्यापर्यंत किती गतिरोधक आहेत हे तुम्हाला माहीत नसेल तर एकदा मांडीवर लिटरभर पातळ पदार्थ घेऊन बसा. सिग्नलला पोचेस्तोवर माझी उजवी मांडी ओली होती आणि तिला वेलचीचा वास येत होता. रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, "साहेब, खीर का?" मी हो म्हणालो. त्या सकाळी मला कोणी काही समजावून सांगायला लावलं नाही, असा तो शेवटचा माणूस.

दिवाळीआधीची बेकरी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लोक घरून मैदा, रवा, तूप, पिठीसाखर घेऊन येतात, बेकरीवाला मळून देतो, पत्र्यांवर लावून भट्टीत भाजतो, आणि किलोवर मजुरी घेतो. रिकामे पत्र्याचे डबे मांडीवर घेऊन माणसं रांगेत बसतात. मी रांगेत उभा राहिलो. काउंटरवरच्या मुलाने फॉइल उचलून आत पाहिलं.

"ये तो ब्रेड है."

"हां. भाजायचाय. बेक करना है."

त्याने वाकून कडा निरखली. "ये तो अपनाच ब्रेड है."

"हां."

"खराब निकला क्या?"

"नहीं, नहीं. मैंने खुद बासी किया."

तो काही क्षण माझ्याकडे बघत राहिला. मग आतल्या दिशेने ओरडला, "चाचा, एक साहब ब्रेड वापस लाया है, बोलता है मैंने खुद बासी किया!"

अख्खी रांग वळली. आणि प्लास्टिकच्या स्टुलावर, नानकटाईचा रिकामा डबा मांडीवर घेऊन बसलेले ते काका उठून माझ्या शेजारी आले. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायांत सॅंडल आणि मोजे. कुठल्याशा खात्यात ऑडिटला होते, हे त्यांनी नंतर सांगितलं, पण मोज्यांवरून मला आधीच संशय आला होता.

"काय आणलंय?"

"फ्रेंच टोस्ट."

"टोस्ट?" त्यांनी काउंटरवरच्या बरणीकडे बोट दाखवलं. "टोस्ट इथेच मिळतात की. जिऱ्याचेही आहेत."

"हे ते नाहीत काका. हे ओले असतात."

"ओले टोस्ट." त्यांनी शब्द तोंडात घोळवून पाहिला. "म्हणजे चहात बुडवून राहिलेले?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"थांबा, मला जरा क्रम लावू द्या. ब्रेड यांनी भाजला. तुम्ही विकत घेतलात. घरी नेऊन दोन दिवस वाळवलात. मग रात्रभर भिजवलात. आणि आता परत वाळवायला इथे आणलात."

"वाळवायला नाही, भाजायला."

"भाजलेला आहेच की."

"पण आता त्यात अंडी-दूध आहे."

"ते तुम्ही घातलंत," काका शांतपणे म्हणाले. "प्रश्न असा आहे की या सगळ्यात फायदा कोणाचा झाला?"

चार दिवस विचार करतोय. मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

माझ्या तोंडचं 'अंडी' रांगेतल्या एका बाईंनी ऐकलं आणि त्यांनी आपला डबा दोन पावलं मागे घेतला. "अंड्याचं आहे होय? मग आमच्यानंतर जाऊ दे हं. आमची नैवेद्याची आहे." माझा नंबर चौथा होता. नैवेद्याच्या नावाखाली तो अकरावा झाला. अकराव्या नंबरवर उभा असताना दुसऱ्या एका बाईंनी मायेने विचारलं, "मिसेसना बरं नाही का?"

हा प्रश्न मला चावला. मिसेस ठणठणीत आहेत. त्या वेळी त्या घरी लॅपटॉपवर ऑफिसचं प्रेझेंटेशन करत होत्या, कारण ऑफिसला दिवाळी कळते ती फक्त लक्ष्मीपूजनापासून. रांगेत आणखी दोन पुरुष होते. त्यांच्या बायकांच्या तब्येतीची चौकशी कोणी केली नाही, कारण ते डबे पोचवायला आले होते. पुरुषाने डबा वाहिला तर तो कर्तव्यदक्ष. आत काय आहे ते त्यानेच केलंय म्हटलं की घरात कोणीतरी आजारी असलंच पाहिजे. मी त्या बाईंना हे सगळं बोलणार होतो. तोंडातून आलं ते एवढंच, "नाही, बऱ्या आहेत."

काका मात्र माझ्या पदार्थाच्या मुळाशी गेले होते. "फ्रेंच का?"

इथे मी चूक केली. मला वाटलं, ज्ञान दाखवलं की प्रतिष्ठा परत मिळेल. मी म्हणालो, नावावर जाऊ नका, दुधात पाव भिजवून तळायचा आणि वर मध ओतायचा, ही कृती पार रोमन काळातली आहे, आणि फ्रेंच लोक स्वतः याला फ्रेंच टोस्ट म्हणतच नाहीत. ते म्हणतात 'पॅं पेर्दू'. म्हणजे वाया गेलेला ब्रेड.

"बघा," काका रांगेकडे वळून म्हणाले, "त्यांनाही मान्य आहे."

खरं तर या बिचाऱ्या पदार्थाला नाव कधी लाभलंच नाही. २००३ साली फ्रान्सने इराक युद्धाला विरोध केला तेव्हा अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या कॅन्टीनमध्ये चिडून याचं 'फ्रीडम टोस्ट' असं बारसं केलं होतं. २००६ मध्ये गाजावाजा न करता जुनं नाव परत आलं. नामांतराची हौस आपल्याकडेच असते असं नाही, पण गपचूप माघारी येणं मात्र आपल्याला जमलेलं नाही. हे मी काकांना सांगितलं नाही. तेवढी अक्कल तोवर आली होती.

आत उस्ताद पाव काढून झाल्यावर भट्टी जरा उतरू देत होता. मी हळूच म्हणालो, एकशे ऐंशी डिग्री पाहिजे. त्याने चिमूटभर मैदा भट्टीच्या तळावर भिरकावला, तो किती वेळात तांबूस होतो ते एक डोळा बारीक करून पाहिलं आणि म्हणाला, "थोडा रुको." मैदा ज्या वेगाने रंगतो त्यावरून आंच ओळखतात. मी मनातून ओशाळलो. माझ्या ओटीजीवर आकडे होते आणि रॉड नव्हते. काका म्हणाले, ही भट्टी आता गॅसवर आहे म्हणून बरं, नाहीतर मुंबईत २०२५ साली लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत इंधन बदला म्हणून बजावलं होतं. मग लगेच, "पण लाकडावरच्या नानकटाईची चव याला नाही." दोन्ही बाजूंनी हरकत घेणं ही ऑडिटची खासियत असावी.

ट्रे भट्टीत गेला. वीस मिनिटांत दालचिनीचा वास बाहेर आला आणि रांग जरा गप्प झाली. नैवेद्यवाल्या बाईंनी तेवढ्यात, "वास बरा येतोय," असं भिंतीकडे बघून म्हटलं. पाऊण तासाने ट्रे आला तेव्हा वरून सोनेरी फुगलेला, कडेला साखर करपून चिकट झालेली, मध्ये हलकासा थरथरणारा. मला भरून आलं. उस्तादाने कोपऱ्याचा तुकडा काढून काकांच्या हातावर ठेवला. माझ्या परवानगीशिवाय. सगळे काकांकडे बघत होते.

काकांनी डोळे मिटून खाल्लं. बोटं चाटली. "जायफळ जास्त झालंय. झोपवणार तुम्ही घरच्यांना."

जायफळाला बोललेलं मला खपत नाही. याच जायफळाचं रन नावाचं चिमुकलं बेट हातात ठेवून डच लोकांनी १६६७ च्या ब्रेडाच्या तहात मॅनहॅटनवर पाणी सोडलं. (तहाचं नाव खरोखर ब्रेडाच आहे, मी काही करू शकत नाही.) ज्याच्यापुढे न्यूयॉर्क फिकं पडलं ते चिमूटभर जास्त झालं म्हणून एवढं काय?

मग मजुरी. मुलाने ट्रे काट्यावर ठेवला. गरम काचेसकट.

"अरे, काच का वजन क्यों?"

"साहब, भट्टी में तो काच भी गया ना."

मी न्यायासाठी काकांकडे पाहिलं. हा तर त्यांचाच प्रांत होता. काका म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. नियम म्हणजे नियम." मी माझ्याच ट्रेची भाजणावळ भरली.

पावणेअकराला घरी पोचलो. बेसिनमध्ये पोह्यांच्या बश्या होत्या, काठाला खोबरं चिकटलेलं. कोणी काही बोललं नाही, म्हणून मीही बोललो नाही. भाचीने एक घास घेऊन, "मामा, हे ब्रेड पुडिंग आहे ना?" असं विचारलं. भाऊजींनी तीन तुकडे खाल्ले, मनापासून वाखाणणी केली आणि साडेअकराला सोफ्यावर, चष्म्यासकट, गाढ झोपले. मला काकांची आठवण आली आणि फार चीड आली.

आईने घेतलं नाही.

"एक तुकडा तरी?"

"आज वसुबारस ना रे. गहू नाही, दूध नाही."

मी ट्रेकडे पाहिलं. वर्षातले सगळे दिवस सोडून, गहू आणि दूध वर्ज्य असलेला नेमका तो दिवस मी गव्हाच्या पावाला दुधात बुडवण्यासाठी निवडला होता.

"मग रात्रीच का नाही बोललीस?"

"तू एवढा जायफळ उगाळत बसला होतास." ती बाजरीच्या भाकरीचं पीठ काढायला उठली. "आणि आता भाऊबीजेपर्यंत मला अंडं चालायचं नाही. एक तुकडा ठेव फ्रीजमध्ये. नंतर खाईन. शिळाच लागतो ना तो?"

श्रीखंडाच्या डब्यामागे ठेवलाय. काल झेंडू ठेवायला फ्रीज उघडला तेव्हा पाहिलं, वर तिने ताटली झाकली आहे.