बांध हवेतच, पण आधी माती झाका

वळीव झाल्यावर उघड्या माळावर जा आणि खाली वाकून नीट बघा. बारीक बारीक खड्यांखाली मातीचे पेरभर खांब उभे दिसतील. खड्याने थेंब डोक्यावर झेलला म्हणून तेवढी माती टिकली, भोवतालची गेली.

पावसाचा मोठा थेंब सेकंदाला ८-९ मीटर वेगाने येतो. उघड्या जमिनीवर आपटला की ढेकूळ फुटतं, सुटलेले बारीक कण छिद्रं बुजवतात, वर पापुद्रा धरतो. मग पाणी मुरायचं थांबतं आणि माती घेऊन वाहायला लागतं. धुपीची सुरुवात ओढ्यात होत नाही, थेंब पडतो तिथेच होते. आणि आपला सगळा पैसा मात्र उताराच्या खालच्या टोकाला, खोदकामात जातो.

मुंबई इलाख्यात १९४२ साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला. तेव्हापासून मृदसंधारण म्हटलं की आपल्याला बांधबंदिस्तीच आठवते. बांध हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण बांध अडवतो ती जागेवरून आधीच सुटलेली माती. धुपीचा अंदाज करायला जगभर जे सूत्र वापरतात, त्यात पाऊस, मातीचा प्रकार, उतार, झाकण (म्हणजे जमिनीवरचं पीक, गवत, पालापाचोळा) आणि बांधासारखे उपाय असे घटक असतात. त्यातला झाकणाचा आकडा मशागत केलेल्या उघड्या रानाला १ धरतात, दाट जंगलाला ०.००१ च्या आसपास; आकडा जितका लहान तितकी धूप कमी. पाऊस आपल्या हातात नाही, उतारही फारसा नाही. झाकण आहे.

सोलापूर-मंगळवेढ्याकडची भारी काळी रानं बघा. रब्बी ज्वारीसाठी ती खरीपभर पड ठेवतात, वर कुळवाच्या पाळ्या घालून काडीही राहू देत नाहीत. तिकडे जोराचा पाऊस येतो सप्टेंबरमध्ये, नेमकं तेव्हा रान बोडकं. ज्वारीसाठी ओल साठवायची म्हणून रान स्वच्छ ठेवतात, हे मला कळतं. पण पापुद्रा धरलेल्या रानात ओल साठणार कशी? जून-जुलैचा पाऊस साधला तर मूग-उडीद निघून ज्वारीची पेरणी वेळेवर होते. तेवढे दोन-अडीच महिने माती झाकलेली राहते आणि पाला रानातच कुजतो.

डोंगराचं दुखणं वेगळं. तिथे उन्हाळ्यात वणवा लावतात, जाळल्यावर गवत चांगलं येतं म्हणून. हिरवा फुटवा दिसतो खरा, पण वर्षानुवर्षं जाळपोळ आणि मोकाट चराई चालली की पवन्या, मारवेलसारखी चांगली गवतं हटतात, टोचऱ्या कुसांचं हलकं गवत, कुसळी, माजते आणि मधली जमीन उघडी पडत जाते. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने सलग समतल चर, म्हणजे डोंगरउतारावर एकाच पातळीत आडवे चर खोदले, हे सगळे सांगतात. त्याच्या जोडीने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, गवत कापून न्यायची शिस्त लावली, हे सांगायचं राहून जातं. माझ्या मते खरं काम तिथे झालंय. नुसते चर खोदून वर डोंगर उघडाच ठेवला, तर ते गाळाने भरायला किती पावसाळे लागणार?

देशात दरवर्षी सुमारे ५३३ कोटी टन माती जागची हलते आणि त्यातली १० टक्के धरणांत जाऊन बसते, असा १९८३ चा अंदाज आहे. महाराष्ट्रात २०१७ पासून धरणातला गाळ काढून शेतात टाकायची योजना आहे. चांगली आहे. पण आपल्याच रानातून गेलेली माती डिझेल जाळून परत आणायची आणि ती जाऊ नये म्हणून बांधावर वाळ्याचं गवत लावायला, माळावर गवताचं बी टाकायला पैसा नाही, हे मला पटत नाही. खोदाईला मिळतं तसं अनुदान झाकणालाही मिळालं पाहिजे.

आणि ऊसवाल्यांना हात जोडून विनंती, यंदा पाचट, म्हणजे तोडणीनंतर रानात उरलेला उसाचा वाळका पाला, पेटवू नका. हेक्टरी ८-१० टन पाचट निघतं. बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट सरीत दाबा, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकून पाणी द्या. त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या पुढच्या उसाला, खोडव्याला, पाण्याच्या पाळ्याही कमी लागतात. कुणी आधीपासून करत असाल तर अनुभव खाली लिहा, शेजारच्या शेतकऱ्याला तो जास्त पटेल.