रान राखण्याची चाकरमानी पद्धत

तुमच्या नावावर रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात कुठेतरी वडिलोपार्जित रान असेल तर आधी अभिनंदन. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन औषधापुरतं. एसटीच्या खिडकीतून जे हिरवं दिसतं ते जवळपास सगळं खासगी, म्हणजे तुमचं-आमचं आहे. एवढी जबाबदारी अंगावर आली म्हणून दडपून जाऊ नका. रान राखायला काहीही करावं लागत नाही. मागच्या दोन-तीन पिढ्यांनी काहीही न करताच ते आजच्या अवस्थेला आणून ठेवलं आहे.

सुरुवात सातबाऱ्यापासून करावी, म्हणजे तो उघडू नये. चुकून उघडलात तर वर पणजोबा दिसतील, खाली त्यांचे मुलगे, लग्न होऊन गेलेल्या आत्या, आणि १९७० सालानंतर कोणी वारस नोंद करायला तलाठ्याकडे गेलंच नाही हेही दिसेल. लागवडीखालचं क्षेत्र शून्य, बाकी सगळा पोटखराबा, म्हणजे पिकाला न लागणारी जमीन, आणि आकार, म्हणजे सारा, काही पैसे. ऐन, किंजळ, बेहडा, कुंभा, त्यांवर चढलेली गारंबी, फांद्यांवरून उड्या मारणारं शेकरू, सगळं त्या पोटखराब्यात बसतं. नावं मेलेल्या माणसांचीच राहू द्या. मेलेला माणूस भांडत नाही. सही करायलाही येत नाही म्हणा, पण रान राखायचा ठराव कुठे कोणाला करायचाय?

हिस्सेवाटप तर मुळीच नको. वाटप झालं की आपला डाग, म्हणजे जमिनीचा तुकडा, कुठला ते कळतं, आणि कळलं की एकदा तरी तो चढून बघावा लागतो. सामाईकात हा त्रास नाही. रान सगळ्यांचं असल्यामुळे प्रत्येकाला दुसऱ्यावर विसंबता येतं. हद्दीचा दगडी गडगा कुठून सुरू होतो आणि कुठल्या आंब्यापाशी वळतो हे गावात राहिलेल्या थोरल्या काकांना पाठ असतं. गणपतीत त्यांच्याशी पाऊस, हायवे, मुलांची ॲडमिशन यांवर भरपूर बोला. गडग्याचा विषय काढू नका. काका गेल्यावर मोजणीचा अर्ज आहेच, आणि शेजारचा जेसीबी घेऊन आत सरकला की हद्द तोच दाखवेल.

आता मुख्य कामाकडे येऊ. पाऊस सरला, वाटा सुकल्या की लाकडाचा व्यापारी येतो. तो तुमच्याकडे थेट येत नाही, भावकीतल्या एखाद्या हरहुन्नरी चुलतभावाकडे येतो. मग फोन: “दादा, नुसतं वाढून काय उपयोग, त्याचे चार पैसे तरी होऊदेत. तोडलं की फुटवा येतो, धा वर्षांत परत उभं राहतं.” हे दहा वर्षांचं गणित फार सोयीचं आहे. दहा वर्षांत मनगटाएवढ्या काठ्या उभ्या राहतात, त्याला आपण जंगल म्हणतो आणि पुन्हा देतो. साठ वर्षांचा ऐन दहा वर्षांत कसा उभा राहील, हे विचारणारा भावकीत निघालाच तर त्याला विकासाच्या विरोधातला ठरवून मोकळं व्हा.

व्यवहार उक्ताच करावा. झाडं मोजू नका, जाती विचारू नका, घेर बघायला दोरी तर बिलकूल घेऊन जाऊ नका. डोंगराच्या पायथ्याशी बाइक उभी करून व्यापारी वर बघतो, आकडा सांगतो, चुलतभाऊ मान डोलावतो. समजा लाखभर रुपये आले आणि खाणारी तोंडं चाळीस. माणशी अडीच हजार पडले. त्यात डोंबिवलीहून गावी जाण्या-येण्याचा खर्च निघतो आणि वर पोरांना आइस्क्रीम. काही घरं मात्र जास्त समजूतदार असतात. पैसे वाटत नाहीत, देवळाच्या सभामंडपाला देतात आणि संगमरवरी फरशीवर पणजोबांचं नाव कोरून घेतात. रान गेलं तरी त्यांचं नाव सातबाऱ्यावर होतं तसं फरशीवरही राहतं.

लाकूड कुठे जातं याची चौकशी करायची नाही. घाटावरच्या कारखान्यांच्या बॉयलरात जातं, वीटभट्टीत जातं, कोळशाच्या भट्टीत जातं. आजोबांनी म्हशीपासून जपलेल्या खैराचा कात होतो आणि कुठल्याशा शहरात कोणाच्या तरी तोंडात रंगतो. घराण्याचं नाव असं दूरवर पोचतं.

कायद्याची भीती बाळगू नका. झाडतोडीवर नियंत्रण ठेवणारा राज्याचा कायदा १९६४ चा आहे. ऐन, किंजळ, खैर, आंबा, फणस, जांभूळ अशी बरीच झाडं त्याच्या यादीत आहेत आणि परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही. मोडला तर काय, याचं मूळ कायद्यातलं उत्तर हजार रुपयांपर्यंत दंड. त्या काळी हजारात बरंच काही येत असेल. आता तेवढ्यात चेनसॉ चालवणाऱ्याची दिवसाची मजुरीही धड भागत नाही.

उलट रान राखलंत तर भीती बाळगा. १९७५ च्या खासगी वनं ताब्यात घेण्याच्या कायद्यापासून गावोगाव एकच समज पक्का आहे की दाट रान दिसलं की सरकार त्यावर शिक्का मारतं. तेव्हा ज्यानं तोडलं तो शहाणा आणि ज्यानं वाढवलं तो कचेरीच्या पायऱ्या झिजवणार, असा हिशोब. हा समज दूर करावा असं सरकारलाही आजवर फारसं वाटलेलं दिसत नाही. पश्चिम घाटातलं संवेदनशील क्षेत्र ठरवणारी अधिसूचना २०१४ पासून मसुद्यातच आहे. २०२४ च्या जुलैत सहावा मसुदा निघाला. सहा वेळा खरडा लिहूनही जे पक्कं झालं नाही, त्यासाठी तुम्ही कशाला घाई करता?

तोडणीचा हंगाम जमल्यास माघ-फाल्गुनातलाच धरा. त्याच सुमाराला रानातल्या जुन्या बेहड्याच्या ढोलीत गरुडाची, म्हणजे पुस्तकातल्या धनेशाची, मादी जाऊन बसते. विष्ठा आणि फळांचा गर यांनी ती ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. बोट जाईल एवढी फट ठेवते आणि तिथून नर तिला महिनोन्‌महिने फळं भरवतो. आत असताना ती पिसंही झाडते, त्यामुळे करवत लागली तरी तिला उडून जाण्याचा त्रास नाही. नर येतो, दोन घिरट्या घालतो. तो सहहिस्सेदार नसल्यामुळे त्याची संमती लागत नाही. एवढा जाड बेहडा पन्नास-शंभर वर्षांनी तयार होतो, पण ढोलीचा असल्यामुळे व्यापारी त्याचे पैसे कापून घेतो: “पोकळ हाय ओ, जळायलाच जाणार.”

संगमेश्वराकडे काही मालकांनी रान न तोडण्याचे करार करून त्याचा मोबदला घेतला आहे म्हणे. हिरडा-बेहड्याची फळं गोळा करून विकणारेही आहेत. असल्या भानगडीत पडू नये. एकदा झाड उभं ठेवूनही पैसे मिळतात असं भावकीला कळलं की लगेच वाटप मागतील.

वणव्याचं सोपं आहे. बेणणी करून, म्हणजे गवत-झुडपं साफ करून, चारी बाजूंनी पट्टा काढायला गडी लागतात, गड्यांना मजुरी लागते, आणि मजुरी चाळीस जणांकडून गोळा करायला हिटलर लागतो. त्यापेक्षा फेब्रुवारीत कोणीतरी काडी टाकेलच. गवत चांगलं येतं म्हणून टाकेल, डुक्कर दिसावं म्हणून टाकेल, विडी ओढून टाकेल. शेजारच्या काजूवाल्याची बाग जळाली तर तो आपल्यावर केस करेल, तेव्हा सातबाऱ्यावरचे पणजोबा कामाला येतात. समन्स त्यांच्या नावे.

पाण्याबद्दल काही घरातल्या बायका कुरकुर करतील की मे महिन्यापर्यंत वाहणारा पऱ्या, म्हणजे ओढा, आता शिमग्यालाच आटतो. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात टँकर मागवायला लाज वाटण्याचं कारण नाही. टँकर आला की व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाका आणि खाली लिहा, ‘गावाकडे सुधारणा होत आहेत’. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पाणी शिरलं, नंतर वाशिष्ठीतला गाळ यंत्रं लावून उपसावा लागला. त्या गाळात आपल्या डोंगराचा वाटा किती होता, याचं हिस्सेवाटपही कोणी मागितलेलं नाही.

५ जूनला मात्र गावी जरूर जा. कुटुंबाचा बॅनर करून घ्या, त्यावर दिवंगत आजोबांचा फोटो, खाली सगळ्या नातवंडांची नावं, संमती लागत नसल्यामुळे आत्यांचीही. तोडलेल्या उतारावर गुलमोहराची आणि सुबाभळीची अकरा रोपं लावा. ऐनाच्या बुंध्यांना आलेला फुटवा तुडवला जाणार नाही याची काळजी नको. फोटोत सगळे मावायला हवेत तर थोडं तुडवलं जाणारच. रोपांना पाणी कोण घालणार हे ठरवू नका. थोरले काका आहेत.

आणि व्यापाऱ्याचा नंबर डिलीट करू नका. दहा वर्षांनी तो स्वतःच फोन करेल, या खेपेला माल बारीक आहे म्हणून निम्मा भाव सांगेल. तुम्ही ताणून धरा. वडिलोपार्जित आहे म्हणावं, असं कवडीमोलानं देणार नाही. दोन-चार हजार वाढवून देईल.