पूल वरून जाईल, आम्ही कुठून जायचं?

विषय काढला प्लॉटिंगवाल्यानं. पुणे-नाशिक हायवेवर नाशिक फाटा ते खेड 30 किलोमीटरचा आठपदरी उन्नत मार्ग, 7,827 कोटी, केंद्राची मंजुरी ऑगस्ट 2024. आकडे त्याला तोंडपाठ, गिऱ्हाइकाला रोज तेच ऐकवतो ना. "एकदा पूल झाला की चाकणची कोंडी संपलीच समजा."

"कुणाची संपली?" कंपनीची बस चालवणारा आमचा दोस्त उखडला. "वरनं नाशिकवाले जाणार. मला माणसं एमआयडीसीत उतरवायचीत, मी खालीच येणार. आन् तळेगाव चौकात आडवा घुसतो तो कंटेनर शिक्रापूरला चाललेला असतो. त्याला तुझ्या पुलाचं काय कौतुक?"

मुद्दा बिनतोड होता. चाकणचं दुखणं उभ्या पुणे-नाशिक रस्त्याइतकंच आडव्या तळेगाव-शिक्रापूर रस्त्याचंही आहे. मुंबईकडून नगर रोडला जाणारी अवजड वाहनं पुणे शहर टाळून याच चौकातून जातात. त्यात शिफ्ट सुटते.

"मोठ्या गाड्यांचं राहू द्या," दूधवाले तात्या म्हणाले. "मला शेजारच्या वाडीत दूध घालायला हायवेवर का जावं लागतं, ते सांगा. आमचा बाप शिवरस्त्यानं बैलगाडी न्यायचा."

तो शिवरस्ता, म्हणजे दोन गावांच्या शिवेवरची वाट, गाव नकाशावर अजून आहे. जागेवर मात्र आधी बाभळी, मग पत्र्याचं गेट. हद्दीचा दगड कुणाच्या तरी कंपाउंडात गेलाय आणि त्यावर पाण्याची मोटर बसवलीय.

प्लॉटिंगवाला लगेच, "माझ्या लेआउटला नऊ मीटरचा रस्ता सोडलाय बरं का!" सोडलाय, खरंय. पण तो त्याच्या शेवटच्या प्लॉटपाशी संपतो. पलीकडच्या लेआउटचा रस्ता भलत्याच जागी सुरू होतो, मधे भिंत. प्रत्येकाला हायवेकडे तोंड पाहिजे, शेजाऱ्याकडे कुणालाच नको. पुण्याभोवतीच्या भागाचं नियोजन करणारी पीएमआरडीए आली 2015 ला, विकास आराखड्याचा मसुदा 2021 ला, आणि 2025 ला सरकारनं तोही रद्द केला. मधल्या काळात गुंठा-गुंठा विकून झाला. माझं म्हणणं एवढंच, की आधी आतले रस्ते एकमेकांना जोडा, मग खुशाल पूल बांधा.

मास्तर कायद्यावर आले. "जमीन महसूल संहितेचं कलम 143 आहे. 1906 चा मामलेदार कोर्ट कायदा आहे. वाट अडवली की तहसीलदाराकडे दाद मागता येते."

"मग मागितली का नाय?"

"मामलेदार कोर्टात अडवल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं. तेव्हा सगळे भावकी सांभाळत बसले."

एवढा वेळ तंबाखू मळत बसलेले आबा आता बोलले. "उघडा शिवरस्ता. दुसऱ्या दिवशी मोबाइल सगळ्या दुनियेला तिकडनं वळवंल. शाळेसमोरनं ट्रेलर जातील, चालंल?"

बसवाला गालातल्या गालात हसला. चौक तुंबला की तोही वाडीतूनच बस काढतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

मी म्हटलं, दोन्ही टोकांना लोखंडी कमान ठोकू, उंच गाडी आत येणारच नाही. तात्यांचा टेम्पो त्याखालून जातो, त्यामुळे तात्या लगेच राजी. पण मास्तर म्हणाले, "मग पीएमपीची बस कुठून आणणार? पोरींना कॉलेजला जायला बस पाहिजे म्हणून अर्ज तूच लिहिला होतास ना?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. रुंदी किती आणि आत कुणाला सोडायचं, हे ग्रामसभेत ठरवायला हवं. पण ग्रामसभेत हल्ली पेव्हर ब्लॉक सोडून दुसरा विषय निघत नाही.

"बरं, सुरुवात तुझ्या गेटापासून करू," तात्यांनी प्लॉटिंगवाल्याला धरलं.

"माझंच का? आधी पुढच्याची भिंत पाडा. नायतर मी गेट काढून रस्ता जाणार कुठं?"

"पुढचा तुझा मेहुणाच हाय," आबा म्हणाले. "लाव की त्याला फोन."