साठीनंतरची ‘खालची आग’ आणि तुरटीच्या पाण्याचा सल्ला

आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातल्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. पाळी गेलेल्या बायकांना खाली आग होते ती अंगातली उष्णता. मिसळ-लोणचं सोडा, सब्जा प्या, रोज तुरटीच्या पाण्याने आतून धुवा. रिपोर्ट नॉर्मल आले तर ते मनाचे खेळ. डॉक्टरकडे गेलात तर पिशवी काढतील. हे वाचून बायका वर्षानुवर्षं सोसत बसतात, म्हणून सविस्तर लिहिते.

उष्णतेचा यात काही संबंध नाही. पाळी गेली की इस्ट्रोजेन हे हार्मोन घटतं, योनीमार्गाचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं. पूर्वी तिथला पीएच (आम्लता मोजायचा आकडा; कमी म्हणजे जास्त आम्ल) 4.5 च्या आत असतो, तो 5 च्या वर जातो आणि राखण करणारे चांगले जंतू कमी होतात. मग चुरचुर, लघवीला जळजळ, सारखी लघवी. अंगातून वाफा येणं बहुतेकींचं काही वर्षांत ओसरतं. हे मात्र उपचार केले नाहीत तर सहसा वाढतच जातं. मिसळ पचत असेल तर खुशाल खा.

तुरटीचा मला खरंच राग येतो. तुरटी कातडी आकसवते, सुकवते, आणि इथे मुळात कोरडेपणाच छळतोय. ओळखीतल्या एक काकू रोज कोमट पाण्यात झाकणभर डेटॉल घालून धुवायच्या; जितकी आग जास्त तितकं धुणं जास्त. सुगंधी वॉशही तसलेच. बाहेरून नुसतं साधं पाणी, मऊ सुती कापडाने टिपणं, सुती चड्डी, एवढं पुरे. आत काहीही घालायचं नाही.

आता ‘मनाचे खेळ’. आधी कारणं शोधावी लागतात. साखर वाढलेली असेल तर बुरशीचा संसर्ग होतो. डायबेटिसच्या डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांनी साखर लघवीवाटे जाते, त्यानेही होतो. म्हणून डॉक्टरांना गोळ्यांची पाकिटंच दाखवा. खाज आणि पांढरे चट्टे असतील तर लायकेन स्क्लेरोसस हा कातडीचा आजार असू शकतो. त्याला स्टिरॉइडचं मलम लागतं आणि नियमित तपासणीही, कारण थोड्या जणींत पुढे कॅन्सरचा धोका असतो. नुसतं लघवीच्या रिपोर्टवरून हे कळत नाही, बघावंच लागतं.

हे सगळं तपासून काहीच सापडलं नाही आणि तरी तीन महिन्यांहून जास्त दुखतंय, जळतंय, तर त्याला नाव आहे: व्हल्व्होडायनिया. डॉक्टर कापसाचा बोळा लावलेली काडी एकेका जागी हलकेच टेकवून विचारतात, ‘इथे दुखतं का?’ नुसत्या त्या स्पर्शाने बाई कळवळते. वरून कातडी अगदी चांगली दिसते, पण तिथल्या नसा जास्तच संवेदनशील झालेल्या असतात, ओटीपोटाखालचे स्नायू आखडलेले असतात. जागा बधिर करणारं लिडोकेनचं मलम, नसांच्या दुखण्यावरची कमी डोसातली गोळी, त्या स्नायूंची फिजिओथेरपी, यांनी पुष्कळ जणींना उतार पडतो. वेळ लागतो, एकच उपाय सगळ्यांना लागू पडत नाही. पण जिला आग होते तिला ती खरंच होते. घरच्यांनी ‘तुझं आपलं काहीतरीच’ म्हणणं आधी थांबवावं.

पिशवी काढण्याची भीती तर उगाचच. कोरडेपणावर मॉइश्चरायझर आणि लागलं तर इस्ट्रोजेनचं क्रीम देतात. ते जागेवरच लावायचं, रक्तात फार थोडं जातं. फरक पडायला काही आठवडे, पूर्ण आराम पडायला तीनेक महिने लागू शकतात. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर ते आधी सांगा.

खासगीत परवडत नसेल तर त्र्यंबक रोडवर सरकारी सिव्हिल हॉस्पिटल आहे. तिथे ‘लघवीची तक्रार’ असं मोघम सांगू नका. ‘पाळी गेल्यापासून योनीच्या जागी आग होते, तपासून बघा’ असं सरळ सांगा. सोबत सून किंवा लेक असली तर बरंच. आणि पाळी गेल्यावर रक्ताचा एक डागही दिसला, तर सणवार संपण्याची वाट न बघता लगेच जा.